भुऱ्या डोंगराचा दसरा

लंडन, ऑन्टारिओ
२४ एप्रिल २०११

प्रिय अरविंदराव,
सप्रेम नमस्कार.

काल बेसमेंट आवरायला काढलं. आवरणं कसलं, एक खोका उघडायचा, त्यातलं एकेक हातात घेऊन बघायचं आणि पुन्हा होतं तसं ठेवून द्यायचं. रश्मी संसारभर म्हणायची, "तुमचं आवरणं म्हणजे वस्तूंना भेटून येणं." ती गेली, मग चार वर्षांपूर्वी निमिषही गेला. आता भेटायला वस्तूच जास्त उरल्या आहेत.

तर काल निमिषचे डोंगर चढायचे जोडे भेटले. कागदात गुंडाळलेले, आत कागदाचे बोळे, लेस बांधलेली. लग्नाच्या आधी हौसेनं घेतले होते, फार तर दोनदा पायात घातले असतील. अजून नव्याचा वास येतो.

ते हातात घेतले आणि मला तुमचं घर आठवलं. निमिष-रुचाचा साखरपुडा नुकताच झाला होता, आपण सगळे तुमच्या डेकवर चहा घेत होतो. कॅनडात वाळवंट असतं हे मला त्या दिवशी कळलं. समोर तुमचं तळं, मागे तो भुरा, उघडा डोंगर. तुम्ही म्हणालात, वर गेलं की अमेरिकेची हद्द दिसते, झाडं तोडून आखलेली सरळ रेघ. त्यावर निमिष त्याच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाला होता, "बाबा, दसऱ्याला गावाची बॉर्डर क्रॉस करतात ना? इथे तर कंट्रीची बॉर्डर आहे. एकदा दसऱ्याला आपण सगळे वर जाऊ." सगळे हो म्हणाले. मग नोकऱ्या आल्या, मिल्टनचं घर आलं, मग त्याचं दुखणं.

अरविंदराव, यंदाच्या दसऱ्याला आपण दोघं तो डोंगर चढू या का? सहा ऑक्टोबरला दसरा आहे. मी केलोनापर्यंत विमानाने येतो. जोडे निमिषचे घालीन. मला थोडे मोठे होतात, पण दोन मोजे घातले की बसतात.

आणखी एक. मला तुमच्याशी रुचाबद्दल बोलायचं आहे. पत्रात लिहिण्याजोगं नाही आणि फोनवर तर मला धड बोलताच येत नाही. मार्चमधल्या बर्फात मिल्टनला तिच्याकडे जाऊन आलो, तेव्हापासून ते मनात आहे. वर माथ्यावर बसून बोलू.

आम्हाला शाळेत शरदचंद्र मास्तर होते. ते स्वतः कविता करायचे आणि फळ्यावर लिहून आमच्याकडून पाठ करून घ्यायचे. त्यातली एक ओळ काल जोड्यांबरोबर वर आली:

चढता चढता डोंगर सरला, पायी उरली माती;

पुढची ओळ काही केल्या आठवत नाही. 'माती'शी यमक जुळणारं काहीतरी होतं. तुम्ही हसाल. चित्रावहिनींना नमस्कार.

आपला,
विलास

* * *

ओसोयूस, ब्रिटिश कोलंबिया
६ मे २०११

आदरणीय विलासराव यांस,
सविनय नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. आपण येणार हे वाचून फार आनंद झाला. आपण म्हणाल तसं. डोंगर काही पळून जात नाही, आणि आपल्या शब्दाबाहेर आम्ही कधी गेलेलो नाही.

दसऱ्याचा मुहूर्त आपण अगदी योग्य काढला. आत्ता मे महिन्यात गवतात गोचिड्या असतात, मोज्यांतून आत शिरतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन असं, की नागपूरचा माणूसही घरात बसतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी गार आणि दुपारी उबदार. चढ मध्यम आहे. सकाळी निघालो तर दुपारच्या चहाला घरी. वाटेत पाण्याचा थेंब नाही, सावली जवळजवळ नाही. पाणी भरपूर न्यावं लागेल. डोंगराच्या पूर्व अंगाची जमीन इथल्या मूळ लोकांची आहे, तिकडून आपण जायचं नाही, पश्चिमेची पायवाट सार्वजनिक आहे. खडखड्या सापही आहेत. ते थंडीसाठी बिळाकडे परततात त्या सुमारास उन्हात दगडांवर पडलेले असतात. आवाज आला की जागचं हलायचं नाही, एवढंच.

जोडे मात्र आधी चालून पायाला सवयीचे करून घ्यावेत, ही विनंती. नवीन असोत की जुने.

दसऱ्याला आपट्याची पानं इथे मिळायची नाहीत, पण डोंगरावर एक झुडूप आहे, त्याला सशाचं झुडूप म्हणतात. ऐन त्या दिवसांत पिवळ्या फुलांनी भरून जातं. सोनं म्हणून चालेल.

रुचाबद्दल आपल्याला जे काही बोलायचं असेल ते ऐकायला मी तयार आहे. आमच्याकडून काही चुकलं असेल तर पदरात घ्यावं.

आपला नम्र,
अरविंद

ता. क. चित्रा म्हणते, कवितेची पुढची ओळ सापडली नाही तरी चालेल, पण टोपी विसरू नका.

* * *

ओसोयूस
६ मे २०११

चि. रुचास,
अनेक आशीर्वाद.

विलासरावांचं पत्र आलं. ते दसऱ्याला येऊन राहिले, आणि मला घेऊन मागचा डोंगर चढणार म्हणतात. त्यांना मी हो कळवलं. तू ओरडशील म्हणून आधीच सांगतो, गुडघ्याचं त्यांना काही लिहिलेलं नाही. मुलाकडच्या माणसाने इतक्या हौसेनं शब्द टाकला, त्याला मुलीचा बाप "माझा गुडघा दुखतो" म्हणेल का? तुझी आई म्हणाली, "मग डोंगरावरून उचलून कोण आणील, वरात?" तिला बोलायला काय जातं.

आता खरी गोष्ट. त्यांना तुझ्याबद्दल बोलायचं आहे. काय, ते लिहिलं नाही. मार्चमध्ये तुझ्याकडे आले होते, तेव्हापासून मनात आहे म्हणतात. शंतनुचं त्यांच्या कानावर गेलं असेल का? की तू ते मिल्टनचं घर तसंच ठेवावं, निमिषच्या नावाने तिथेच राहावं, असं सांगणार असतील? रुचा, हा माणूस निमिषचे जोडे पायात घालून येणार आहे. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू, की माझ्या मुलीने दुसरं लग्न ठरवलं आहे आणि ती घर विकून ओटावाला जाणार?

पण मीच सांगणार. तू सांगू नको. तू सांगितलंस तर ते तुझ्यासमोर हसून "छान" म्हणतील आणि लंडनला जाऊन चार भिंतींत बसतील. मी सांगितलं तर निदान रागावता तरी येईल त्यांना. वर माथ्यावर पोचलो की सांगीन.

तुझा,
अप्पा

* * *

मिल्टन
२२ मे २०११

प्रिय अप्पा,

माझं मराठी अक्षर अजून चौथीतलंच आहे, नागपूर सोडलं तिथेच थांबलंय, सो हसू नका. ईमेल केली तर आई वाचते आणि दोघं एकदम फोनवर येता, म्हणून पत्र.

पहिलं म्हणजे गुडघा. मागच्या वर्षी ऑपरेशन झालंय तुमचं! डॉक्टरांनी स्टेप्स जपून म्हटलं आणि तुम्ही माउंटन चढताय? आणि ते मुलाकडचे-मुलीकडचे काय असतं, अप्पा? इट्स २०११. बाबा कधी असं वागलेत का तुमच्याशी? तुम्हीच त्यांना पाटावर बसवून ठेवलंय आणि उतरू देत नाही.

दुसरं. मला बाबांना स्वतः सांगायचंय. दर दुसऱ्या रविवारी लंडनला जाते तेव्हा गाडीत पूर्ण स्पीच प्रॅक्टिस करते. पोचते तर त्यांनी साबुदाण्याची खिचडी भिजवून ठेवलेली असते, आणि टेबलावर तीन कप. एक त्यांचा, एक माझा, एक निमिषचा निळा. त्यात चहा नाही ओतत, नुसता ठेवतात. मग माझी स्पीच तिथेच संपते.

मार्चमध्ये ते येणार म्हणून शंतनु पहाटे उठून ओटावाला परत निघून गेला. आदल्या रात्रभर स्नो पडत होता. जाताना ड्राइव्हवे शोव्हल करून गेला. ओटावाजवळच्या कनाटापासून इतक्या लांब माझ्यासाठी ड्राइव्ह करत येतो, आणि माझे सासरे आले की चोरासारखा पळतो. मला त्याची पण लाज वाटली आणि माझी पण.

मी त्याला सांगितलंय की बाबांना आधी कळू दे, आणि त्यांना पटू दे. नाही पटलं तर मी नाही करणार लग्न. शंतनु म्हणाला, "मी थांबतो." किती थांबणार, अप्पा? छत्तीस झाले मला.

ओके, तुम्हीच सांगा. पण नीट सांगा. आणि नी-ब्रेस घाला.

तुमची,
रुचा

* * *

लंडन
५ जुलै २०११

प्रिय अरविंदराव,
सप्रेम नमस्कार.

जूनभर टपाल बंद होतं हे मला बातम्यांत कळत होतं, तरी रोज पेटी उघडून बघत होतो. तुमचं मेचं पत्र आधीच पोचलं होतं, पण त्याला मी पाठवलेलं उत्तर तुम्हाला मिळालं नसणार. तुम्ही मात्र समजला असाल की म्हातारा उत्साहाने बोलला आणि गप्प बसला.

तसं नाही. माझी तयारी चालू आहे. रोज सकाळी इथल्या थेम्स नदीच्या काठाने चालतो. (लंडन म्हटल्यावर नदीचं नाव थेम्स ठेवायचंच, इथल्या लोकांना तेवढीच हौस.) वाटेवरच्या एका टेकाडावर चढून उतरतो. तिथे बाकावर एक पोलिश गृहस्थ बसतो, तो मला रोज विचारतो, "एव्हरेस्ट कधी?"

जोडे मात्र अजून घातलेले नाहीत. तुम्ही बजावलं होतं, तरी धीर होत नाही. त्यांना तेल लावलं, लेस धुतल्या. ते डोंगरासाठीच राखून ठेवावेत असं वाटतं. पहिलं पाऊल तुमच्या मातीवर पडू दे.

चालता चालता मला आमचं गाव दिसतं. मागे टेकडी होती, वर्गाची मागची खिडकी तिच्यावर उघडायची. मास्तर म्हणायचे, "कविता म्हणताना डोळे मिटू नका, टेकडीकडे बघा." आम्ही बघायचो. त्या टेकडीवर कधी चढलो नाही, नुसतं बघूनच पाठ झालं सगळं. पुढची ओळ अजून येत नाही.

अरविंदराव, तुमची मनापासून इच्छा नसेल तर स्पष्ट सांगा. आपण डेकवर बसूनही बोलू शकतो. मी डोंगरासाठी येत नाही, तुमच्यासाठी येतो.

आपला,
विलास

* * *

ओसोयूस
३० जुलै २०११

आदरणीय विलासराव यांस,
सविनय नमस्कार.

इच्छा नाही असं कसं होईल? आपल्या मनात आलं म्हणजे ते झालंच. मी इकडे तयारीला लागलो आहे. चालायच्या काठ्या आणल्या, आपल्यासाठीही एक जोडी. चित्राच्या बहिणीचा मुलगा निहार गेल्या आठवड्यात इथे होता. त्याला वाट बघून यायला सांगितलं. म्हणाला, शेवटचा चढ खड्यांचा आहे, पाय घसरतो. माथ्याच्या खाली एक मोठा सपाट दगड आहे, बरेच लोक तिथूनच हद्द बघून परत फिरतात. आपल्याला गरज पडायची नाही, तरी कळवून ठेवतो.

इथे सध्या असह्य उकाडा आहे. डोंगर दुपारी भट्टीतल्या विटेसारखा दिसतो. चित्रा त्याच्याकडे बघून रोज म्हणते, "दोन शहाणी माणसं आणि एक डोंगर, यातलं जास्त हट्टी कोण ते दसऱ्याला कळेल."

विलासराव, एक विचारू? रुचाबद्दल आपल्याला जे बोलायचं आहे, त्याचा थोडा अंदाज दिला असतात तर बरं झालं असतं. माझं मन आता म्हातारं झालं आहे, नको ते रचत बसतं. ती आपल्या घरची सून आहे आणि आपल्याला वडिलांच्या जागी मानते. तिच्या हातून आपलं मन दुखावेल असं काही घडावं, असं तिला किंवा मला कधीच वाटणार नाही. एवढं मात्र आपण लक्षात असू द्यावं.

आपला नम्र,
अरविंद

* * *

लंडन
१८ सप्टेंबर २०११

चि. रुचा,
आशीर्वाद.

तू पाठवलेलं जाकीट मिळालं. इतकं हलकं आहे की घातलं आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं.

"मीही येऊ का?" असं तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी खिचडीचा विषय काढला. तर आता लिहून सांगतो, तू यायचं नाहीस. यंदाचा दसरा दोन म्हाताऱ्यांचा. तू असलीस की आम्ही दोघंही तुझ्याकडे बघत बसू आणि एकमेकांशी काही बोलणार नाही.

तुझ्या वडिलांची पत्रं येतात. इतकी अदब असते, की वाचताना मला उगाच फेटा बांधून बसल्यासारखं वाटतं. त्यांना कसली तरी भीती वाटते आहे. माझी वाटत असेल तर फार वाईट. मी कुणाला भीती वाटावी असा माणूस नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

परत आलो की येणारा रविवार तुझा.

तुझे,
बाबा

* * *

ओसोयूस
७ ऑक्टोबर २०११

चि. रुचा,
अनेक आशीर्वाद.

तुझे वडील आत झोपले आहेत, गुडघ्याखाली दोन उशा घेऊन. तुझ्या आईने मला डेकवर बसवलं आहे आणि समोर डोंगर आहे. फोनवर "सगळं ठीक" एवढंच सांगितलं, कारण बाकीचं लिहिल्याशिवाय मला सांगता येणार नव्हतं.

काल सकाळी तुझ्या आईने ओट्यावर पाट मांडून पूजा केली. पाटीवर सरस्वती काढली. तुझ्या वडिलांची छाटणीची कात्री, गाडीची किल्ली आणि आमच्या चारही काठ्या शस्त्रं म्हणून मांडल्या, त्यांना हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, "वहिनी, जोडे राहिले." ती म्हणाली, "जोड्यांची पूजा नसते. आणि हे युद्धावर नाही, फिरायला चालले." तिखट पुऱ्यांचा डबा आणि थर्मास दिला. तुझ्या वडिलांना दारात थांबवून पँटच्या आत गुडघ्याचा पट्टा नीट केला. मला दिसणार नाही अशा बेताने. मी डोंगराकडे बघत उभा राहिलो.

सकाळ काय सुंदर होती, रुचा. पायथ्याला त्या करड्या झुडपांतून चाललो की कपड्यांना वास लागतो, कडवट, औषधी, ओवा चुरडल्यासारखा. निवडुंग इतके बुटके की दगड समजून माणूस त्यांच्यावर बसेल. खाली तळं निळं. तुझे वडील दर वळणावर थांबायचे आणि म्हणायचे, "हे दृश्य बघा, विलासराव." मीही बघायचो. दृश्य प्रत्येक वळणावर तेच होतं.

"आपण थकलात का?"
"छे, छे. तुम्ही?"
"मी? मुळीच नाही."

असं करत आम्ही त्या सपाट दगडाच्या थोडं खालपर्यंत आलो. मी पुढे होतो. तेवढ्यात वाळलेल्या शेंगा हलवाव्यात तसा आवाज आला. मला वाटलं, वारा. मागून तुझे वडील ओरडले, "अरे विलास, हलू नको! जागचा हलू नको, बाप्पा!"

साप वाटेच्या कडेला दगडावर होता, दगडाच्याच रंगाचा. मी उभा राहिलो. तो माझ्याकडे बघत होता की नाही कुणास ठाऊक. मग आवाज थांबला आणि तो सावकाश झुडपात गेला. घाई आम्हाला होती, त्याला नव्हती.

तुझे वडील धापा टाकत आले. पहिलं वाक्य काय, तर "माफ करा, विलासराव, तोंडातून अरेतुरे निघून गेलं." मी म्हटलं, "अहो, मरता मरता वाचलो ते त्या अरेमुळे. 'आपण कृपया हलू नये' म्हणेपर्यंत काय झालं असतं?" ते हसले.

आणि मी पुढचं पाऊल टाकलं तर डाव्या जोड्याचा तळ मागेच राहिला.

खोटं नाही. वरचं कातडं जसंच्या तसं, मी लावलेल्या तेलाने चमकणारं, आणि खालचा तळ टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. हात लावला तर त्याचा चुरा झाला, ओल लागलेल्या बिस्किटासारखा. उजवा बघितला, तोही फाटायला लागलेला. तुझे वडील म्हणाले, "चढायचे जोडे चालत राहिले तर टिकतात. वर्षानुवर्षं खोक्यात ठेवले की आतून असे होतात. तरी मी लिहिलं होतं, आधी चालून बघा." मी ते इतके जपले होते.

माथा समोर होता. माथ्याची खूण म्हणून रचलेले दगडही दिसत होते. पण वर सगळे खडे. तसाच अनवाणी जातो म्हटलं, तर तुझ्या वडिलांनी दंडाला धरून मला त्या सपाट दगडावर बसवलं. गळ्यातला मफलर काढला, माझ्या पायाशी खाली बसले आणि जोडा बांधायला लागले. दुखरा गुडघा वाकवून, रुचा. मी म्हटलं, "उठा, अरविंदराव, पायाशी बसू नका." ते उठले नाहीत. मान खाली घालून गाठ मारत होते. ती सुटत होती, पुन्हा मारत होते. मग त्या गाठीकडे बघतच म्हणाले,

"विलासराव, रुचा पुन्हा लग्न करणार आहे. मुलगा ओटावाचा आहे. तुम्हाला पटलं नाही तर ती करणार नाही म्हणते. पण ते तुम्हाला पटावं अशी माझी इच्छा आहे. सांगायचं ते सांगितलं. आता काय बोलायचं ते बोला."

मी विचारलं, "बर्फ काढतो तोच का?"

त्यांनी वर बघितलं. "कोण बर्फ काढतो?"

मग मी त्यांना मार्चमधली ती सकाळ सांगितली. तुलाही सांगतो.

रात्रभर बर्फ पडला होता. मला वाटलं होतं, गाडी लांब रस्त्यावर लावून चालत यावं लागेल. तुझं शोव्हल करणं मला माहीत आहे, तुझी गाडी बाहेर निघेल एवढंच, वाकडंतिकडं, उरलेलं देवावर. त्या दिवशी येऊन बघतो तर तुझ्या गाडीशेजारी आणखी एका गाडीची जागा मोकळी. कडा फावड्याने सरळ कापलेल्या. दारापर्यंत वाट, आणि पायरीवर मीठ टाकलेलं. मी विचारलं तर तू म्हणालीस, शेजाऱ्याने केलं. तुझा शेजारी तेव्हा स्वतःचाच दरवाजा उकरत होता.

मी गाडी लावली आणि थोडा वेळ आतच बसून राहिलो. ज्याने मला कधी बघितलं नाही, त्याने माझ्यासाठी जागा केली होती. आणि मी येण्याआधी निघून गेला होता, मला अवघड वाटू नये म्हणून. मला त्याचं नावही माहीत नव्हतं. पण त्याच दिवशी मला कळलं की हे तुझ्या वडिलांशी बोललं पाहिजे. त्यांना सांगायचं, की माझ्याकडे बघून मुलीला अडवू नका. हे मुलाच्या बापाने आपण होऊन सांगितल्याशिवाय ते कधी ऐकणार नाहीत, एवढे मी त्यांना ओळखतो. म्हणून डोंगर काढला. वाटलं, त्यांच्या डोंगराचा मान ठेवावा. आणि त्यांना वाटलं, माझ्या हौसेचा. दोन माणसं एकमेकांचा मान ठेवत इतक्या वर आलो, आणि दोघांच्याही मनात खाली उतरायचं होतं.

हे ऐकून तुझ्या वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मफलरची गाठ शेवटी मीच मारली.

तिखट पुऱ्या खाल्ल्या. वरून हद्दीची ती रेघ चांगली दिसते. तुझे वडील म्हणाले, "निमिषला बघायची होती ती हीच." त्यांच्या तोंडून त्याचं नाव मी चार वर्षांनी ऐकलं. मला वाईट वाटेल म्हणून ते घेतच नव्हते. मग आम्ही त्याच्याबद्दल खूप बोललो. तो नागपूरच्या संत्र्याच्या बर्फीचा अख्खा डबा कसा संपवायचा, तुझ्या आईला "सासूआई" कसा म्हणायचा, शेवटी शेवटी हॉस्पिटलच्या खिडकीतून काय बघायचा. वारा इतका होता की बोललेलं लगेच उडून जात होतं. म्हणूनही असेल, सोपं गेलं.

आणि तिथे बसल्यावर, मी आठवत नसताना, ओळ आली:

चढता चढता डोंगर सरला, पायी उरली माती;
माथ्यावरती वारा नुसता, खाली सगळी नाती.

मी मोठ्याने म्हटली. तुझे वडील म्हणाले, "चांगली आहे. पण डोंगर कुठे सरला? अजून आहे तो वर." खरंच आहे. माथ्यावर आम्ही गेलो नाही.

निघताना मी त्या सशाच्या झुडपाची पिवळी फुलं तोडली. दसऱ्याला लहानाने मोठ्याला सोनं द्यायचं. तुझे वडील माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत, पण इतकी वर्षं तेच माझ्यापुढे वाकायचे. काल मी त्यांना सोनं दिलं आणि खाली वाकलो. "अहो, हे काय, हे काय!" म्हणत ते मागे सरले. मी म्हटलं, "हलू नको, अरविंद. साप आहे." मग राहिले उभे.

उतरताना एकाला पाय नीट टेकवेना आणि दुसऱ्याला गुडघा वाकवेना. तुझ्या आईने दारातून बघितलं आणि म्हणाली, "काय करून आले हे दोघं?" तिने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि आत जाऊन चहा टाकला. तिला कळलं.

आता तुझं. लग्न कधी, कुठे, ते तुम्ही दोघं ठरवा. मिल्टनचं घर विकायला माझी हरकत असेल असं तुम्हा बापलेकीला का वाटलं? ते घर निमिषने तू राहावीस म्हणून घेतलं होतं, तू बसून राहावीस म्हणून नाही. जोडे मी परत नेत नाही. तुझ्या आईने ते डेकवर ठेवले आहेत, त्यांचं काय करायचं ते ती करील. निळा कप मात्र माझ्याकडेच राहू दे. तो रिकामा ठेवणार नाही आता, त्यातून मी चहा पीन. चौथा कप आणावा लागेल, त्याचा रंग शंतनुला विचार.

मला एकच भीती होती, ती तुला सांगतो, तुझ्या वडिलांना सांगितली नाही. सूनपण संपलं की तू मला काय म्हणशील? मी तुझा कोण? डोंगरावरून उतरताना त्याचाच विचार करत होतो. नातं सांगायला शब्द लागतो, आणि मला तो सापडत नाही. तूही शोधू नकोस. "बाबा" जुना झाला असला तरी चालतोय. रोज चालत राहिलं की टिकतं म्हणतात.

आणि शंतनुला माझा निरोप दे. ओटावात मिल्टनपेक्षा बर्फ जास्त पडतो असं ऐकतो. मी हिवाळ्यात येईन. माझ्या गाडीची जागा मोकळी करून ठेव म्हणावं. पण या वेळेस जाऊ नको म्हणावं. दारात उभा राहा.

तुझे,
बाबा